चिंचेनं घासलेलं माकड

शारजाच्या औद्योगिक भागातल्या आमच्या कारखान्यात एका मॉलच्या चिनी नववर्षासाठी ब्राँझची बारा मुंडकी ओतली. चिन्यांच्या बारा वर्षांची बारा जनावरं. मूळ मुंडकी म्हणे बीजिंगच्या राजबागेत कारंज्यावर होती. प्रत्येकाच्या तोंडातून आपापल्या वेळेला पाणी पडायचं. पुढे परदेशी फौजांनी बाग लुटली आणि मुंडकी जगभर पांगली. त्यांच्या नकला आम्ही करत होतो. माकड माझ्या वाट्याला आलं.

मी जातिवंत ओतारी. माकडाच्या गालावरचे केस मी ओतण्याआधीच्या मेणाच्या नमुन्यात सुईनं एकेक ओढले. ते मेण तपासायला मॉलकडून आलेल्या चिनी बाईंनी माझं वय विचारलं, बोटांवर वर्षं मोजली आणि हसल्या. म्हणाल्या, तू माकडाच्याच वर्षातला. ही माणसं हुशार, पण कुणाचं ऐकत नाहीत. मला हे फार आवडलं.

ओतलेली मुंडकी फिनिशिंगच्या शेडमध्ये जाऊन पॅकिंगसाठी परत आली. सगळी हिरवी! मला वाटलं, खाऱ्या हवेनं जंग चढला. बाकीच्या अकरांचं मला काही नव्हतं. पण आमच्याकडे माकड दिसलं की हात जोडतात. ते असं पारोशा तोंडानं बाहेर पाठवायला मन धजेना. दुपारच्या सुट्टीत चिंच-मीठ घेतलं आणि घरचे देव घासतात तसं घासलं. लख्ख झालं.

फोरमननं पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "अरे भाई, चार दिन का काम खलास! वो कलर था, कलर! कस्टमर को पुराना माल मांगता." तेव्हा कळलं, तो हिरवेपणा ॲसिडनं मुद्दाम चढवलेला होता.

न विचारता हात लावला, हे मी तिथल्या तिथे कबूल केलं. पण त्यानं कागद पुढे सरकवला. म्हणाला, दुसरा माणूस हिरवं करेल, तू फक्त लिही की काम बिघडवलं. माझं डोकंच फिरलं. पहिलं माकड ओतणारा कुणी चिनी ओतारीच असणार. त्यानं ते नवंकोरंच दिलं असणार ना? त्याची चमक मी परत आणली, तर मी बिघडवलं?

माझ्या व्हिसाचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात होतं. गावी मुलीचं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. हे फोरमनलाही ठाऊक होतं.

मी मराठीत लिहिलं : 'माकड मी ओतलं. न विचारता घासलं. बिघडवलं नाही.'

"क्या लिखा?"

मी त्याला हिंदीत शब्दन् शब्द सांगितलं.

"रिन्यूअल चाहिए कि नहीं?"

"चाहिए," मी म्हणालो आणि त्याच मजकुराखाली सही केली.