अकराशे वीस कदम

ताम्हिणीची एस.टी. सव्वासहाला सुटायची होती, ती सुटली सहा पन्नासला. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी आमच्या नागरी हक्क समितीचा चिटणीस. गणवेशवाल्यांचा पाहुणचार घ्यायचा नाही, हा समितीचा नियम. पिशवीत एक पोस्टकार्ड होतं, सीमेवरच्या नामदेव नावाच्या जवानाचं. 'गावची विहीर जवळ आहे, पण आम्हा बौद्धांना पाणी भरू देत नाहीत. आई ओढ्यावर जाते. अकराशे वीस कदम.' लोक हजार म्हणतात, नाहीतर दोन हजार. इतका नेमका आकडा मोजूनच पाहायला हवा होता.

पिरंगुटला एक मिशाळ गृहस्थ शेजारी बसले. घोटावड्याचे निवृत्त सुभेदार.

"कुटं निगालात?"

मी नामदेवच्या वाडीचं नाव सांगितलं.

"आरं तिच्या! मी बी तितंच."

नामदेवनं आपल्या साहेबांनाही सांगितलं होतं. पलटणीतून कलेक्टरला पत्र गेलं आणि सैनिक बोर्डातर्फे पाहणीला हे निघाले. त्यांच्या कागदावरही अकराशे वीसच. मी नियम आठवून बाकाच्या कडेला सरकलो. त्यांनी करवंदांचा द्रोण पुढे केला. "घ्या की. माझी हायेत, सरकारची न्हाईत."

मुळशीचं धरण संपेपर्यंत मी अकरा खाल्ली.

एप्रिलातली खाचरं (भाताची शेतं) भेगाळलेली होती. नामदेवची आई सोनाबाई हंडा घेऊन निघालीच होती. आम्ही मागोमाग, दोघंही मनात मोजत. ओढ्यावर पोचताच मी गंभीरपणे म्हणालो, "तक्रारीत चूक आहे. तेराशे चव्वेचाळीस."

"काय बोलता! बरोब्बर अकराशे वीस!"

"मी हिशेबात चुकत नाही."

"आन मी काय बत्तीस वर्सं उगंच कवायत केली?"

सोनाबाईनं हंडा डोक्यावर घेतला. "तुमी भांडा. म्या पुडं व्हते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लष्करी कदम तीस इंचांचा. माझा पंचवीस, घरच्या ओसरीवर मोजलेला. वाळूत काडीनं गुणाकार केले. दोन्हीकडे तेहेतीस हजार सहाशे इंच! सुभेदारांनी मला कडक सलाम ठोकला. परतताना आम्ही सोनाबाईला गाठलं, आणि दोघं इतके हसत होतो की तिलाही हसू फुटून हंड्यातलं पाणी हिंदकळायला लागलं.

मग कळशी घेतलेल्या सोनाबाईसह गावची विहीर. सोनाबाईच्या दारापासून माझे चौऱ्याऐंशी कदम. सरपंच तिथंच होते.

"आमी कुटं अडवलंय कुनाला?"

मी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि कागद पुढे केला.

"करा सही," सुभेदार म्हणाले. "एक प्रत कलेक्टरला, एक पलटणीत. पोराचा सायेब वाचंल."

सरपंचांनी कागदाकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, आणि सही केली. रहाटावरच्या बायकांचे हात थांबले होते. सोनाबाई जागची हलली नाही.

"आन उद्या?" ती म्हणाली. "तुमी तर एस.टी.नं जानार."

सहीखाली मी तारीख घातली होती, ती आजची.

सरपंचांची म्हातारी चुलती पुढे आली आणि तिनं दोर सोनाबाईच्या हातात कोंबला. "उद्या म्या हाय की!" मग पुतण्याकडे वळून, "तिचं पोर शिवेवर हुबं ऱ्हातंय, तवा तू घोरतूस न्हवं?"

बायका फिसकन हसल्या. सरपंचांना टोपी सारखी करण्यावाचून काम उरलं नाही. सोनाबाईनं पाणी शेंदलं आणि पहिल्या कळशीतलं आमच्या ओंजळीत ओतलं. धार इतकी जोरात होती की मी कोपरापर्यंत आणि सुभेदार मिशांसकट भिजले.

नंतर तिच्या घरी नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, सुभेदारांनी पाच. परतीच्या एस.टी.ची वाट पाहताना त्यांनी मला तीस इंची कदम शिकवला. सहाव्या कदमाला माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पुण्यापर्यंत मी एका पायानं अनवाणी, पण अंगावर मूठभर मांस चढलेला!

समितीत विचारणा झाली, लष्कराचा पाहुणचार घेतला का? मी लिहून दिलं: करवंदं, अकरा.

तरी 'उद्या' मनात टोचत राहिला. एका दिवसाचं पाणी म्हणजे हक्क नव्हे. दिवाळीनंतर नामदेवचं दुसरं कार्ड आलं. 'रजेवर घरी आलो आहे. आई रोज गावच्या विहिरीवर जाते. स्वतः मोजले. सत्तर कदम.'

मी पेन्सिल काढली. सत्तर गुणिले तीस. चौऱ्याऐंशी गुणिले पंचवीस. दोन्ही एकवीसशे. गुणाकार पुन्हा एकदा केला, नुसता आनंदासाठी.