वणीच्या चकतीवरचं आकाश

जगात अन्याय पुष्कळ आहेत, त्यांत माझाही एक नोंदवून घ्या. ज्या गाडीचे हप्ते मी भरतो, तिला दसऱ्याच्या दिवशी हात लावायची मला परवानगी नाही. गाडी धुतलेली, बॉनेटवर झेंडूचा हार, त्यावर हळदकुंकू. "आज ती पूजेला बसलीय," बायको म्हणाली. "बसनं जा."

जायचं होतं वणीला, एका पुस्तकाच्या भेटीला. माझी आत्या नाशकात आमच्याकडेच असते. घर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, आणि आत्याला आता गुडघेही नाहीत. आजोबा वणीला मास्तर होते तेव्हा तिच्या मैत्रिणीच्या, सुमनच्या, घरी खगोलावरचं एक जुनं, शिळाप्रेसवर छापलेलं पुस्तक होतं. त्यात कागदाची फिरती चकती. महिना लावा, वेळ लावा, तेव्हाचं आकाश झरोक्यात हजर. दोघींनी ती दसऱ्याच्या संध्याकाळवर लावून ठेवली. त्या दिवशी गच्चीवरून दोघी मिळून ताडून बघणार होत्या. दसऱ्याआधीच आजोबांची बदली झाली.

वणी इथून तास-दीड तासावर. तेवढं अंतर कापायला आत्याला उभा जन्म पुरला नाही. आधी सासू, मग मुलं, मग गुडघे. "एवढंच बघून ये," ती म्हणाली, "ती चकती कोणी हलवली का."

जाणाऱ्यांसाठी माहिती: दिंडोरीमार्गे बस मिळते, तिकीट शंभराच्या आत, उभं राहण्याची सोय भरपूर. मिसळ दिंडोरीतच उरका. सणाच्या गर्दीत वणीचा रस्सा पातळ होतो. रस्त्याला छाटलेल्या, बोडक्या द्राक्षबागा. शेजारी एक फूलवाल्या बाई गाठोडं घेऊन बसलेल्या.

"भाऊ, पाय वर घ्या. हार चेंगरतील."

"आणि मी चेंगरलो तर?"

"तुम्हाला कोण इकत घेतंय?"

सुमनकाकूंचं सासर-माहेर दोन्ही वणीतच. लग्नात त्यांनी दागिन्यांऐवजी ते पुस्तक मागून घेतलेलं. त्यांच्या घरी पाटावर लाल कापड, त्यावर पुस्तक, शेजारी विळा आणि शिवणयंत्र. मी हात पुढे केला.

"हात नको! आज पूजेला बसलंय. आज वाचायचं नस्तं."

सकाळी स्वतःच्या गाडीवरून हे मला कळायला हवं होतं.

"काकू, मी नाशिकहून आलोय."

"मंग? सरस्वती काय गाव बघून उघडती? उद्या बघ."

"चकती कोणी हलवली का, तेवढं तरी सांगा."

"उद्या तूच बघ की. आन तुझ्या आत्याला सांग, माझं सोनं राहिलंय तिच्याकडं. त्या दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन दारात बसले मी. ती नाय आली."

मी खिशातलं पान काढलं. त्यांनी मूठ मिटली. "तुझं तुला. तिचं तिच्या हातून. पुनवेपर्यंत चालतंय."

गडाच्या यात्रेमुळे लॉज भरलेले, म्हणून मुक्काम त्यांच्याकडेच. दिवेलागणीनंतर त्या मला गच्चीवर घेऊन गेल्या. श्रवणाचा तारा डोक्यावर आला होता. "दर दसऱ्याला येते," त्या म्हणाल्या. "ताडून बघायला दुसरं कोणी नस्तं, येवढंच."

सकाळी पुस्तक उघडलं. पानं तपकिरी, कडा कसरीने खाल्लेल्या. चकतीचं पान आलं. मी बोटाने हलकेच ढकललं, ती हलेना. वर्षानुवर्षांचं ओलं हळदकुंकू वाळून तिचा आणि पानाचा एक पापड झाला होता. झरोक्यात आश्विनातली संध्याकाळ, श्रवण माथ्यावर.

"अहो, हे चिकटवलं कुणी?"

"मीच. येणारं-जाणारं पोरगं फिरवायचं. देवाचं केलं की कोणी हात लावत नाय."

जुन्या ग्रंथांच्या जतनावरची भाषणं मी बरीच ऐकली आहेत. हा उपाय कुणी सुचवलेला आठवत नाही.

घरी आल्यावर आत्याला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "सुमनचे केस पांढरे झाले का रे?"

तुम्ही जाणार असाल तर दसरा टाळा, असं मी लिहिणार होतो. आता लिहीत नाही.

पुनवेच्या आदल्या सकाळी शेजाऱ्याला हाक मारली. दोघांनी आत्याला वेताच्या खुर्चीसकट जिना उतरवलं. बायकोने बॉनेटवरचा सुकलेला हार काढला. पट्टा लावताना मी आत्याला म्हणालो, "जरा हात सोड." तिने एकच हात सोडला. दुसऱ्या मुठीत आपट्याचं पान होतं.

मी गाडी दिंडोरी रस्त्याला वळवली.