हिरवं कुंकू आणि रेशमी पदर

पेशी दुभंगायची वेळ आली की एक एन्झाइम तिच्यात हळदीकुंकवाला निघतं. या प्रथिनाला लाव, त्या प्रथिनाला लाव, असं फॉस्फेटचं कुंकू लावत फिरतं. ज्याला कुंकू लागलं, ते कामाला जुंपलं जातं. कॅन्सरच्या पेशीत या बाईंचा हात थांबतच नाही. त्या नेमक्या कुणाकुणाच्या घरी जातात, ते मला शोधायचं होतं. मी निपाणीचा, तंबाखूच्या धुळीत शिंकत वाढलेला. कॅन्सर मला गल्लीतल्या माणसासारखा ओळखीचा.

अडचण एकच. पेशीत कुंकू लावणाऱ्या बाया पुष्कळ. कोणतं कुणाचं, कळणार कसं? म्हणून आम्ही आमच्या एन्झाइमची घडण थोडी बदलली आणि त्याच्या हातात हिरवं कुंकू दिलं, म्हणजे खूण जोडलेलं फॉस्फेट. आता फक्त हिरवी कपाळं वेचायची.

वेचत होती माझी विद्यार्थिनी, शहापूरच्या विणकर घरातली. बेळगावच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत तिनं खपून खपून चिमूटभर प्रथिनं जमवली. पैसा देणाऱ्या समितीनं बजावलं होतं, या खेपेला उत्तर आलं नाही तर विषय सोडायचा. निम्मा नमुना फ्रीझरमध्ये राहिला. उरलेला जेलवर, म्हणजे प्रथिनं वेगवेगळी करणाऱ्या लिबलिबीत थरावर चालवून, त्याची पट्टी कापून बंगळूरला तपासायला पाठवायची होती.

पट्टी कापायच्या दिवशी ती नवी रेशमी साडी नेसून आली. मागावरून उतरलेली साडी आधी घरच्यांनी चांगल्या कामाला नेसायची, ही तिच्या आईची रीत. पदर एप्रनबाहेर लहरत होता आणि मी काठाचं कौतुक करत होतो.

काही दिवसांनी बंगळूरच्या तंत्रज्ञाचा फोन आला. सगळ्यात ठळक दिसणारं प्रथिन माणसाच्या प्रथिनांच्या यादीत सापडतच नव्हतं. नवंच प्रथिन सापडलं म्हणून क्षणभर मी मनातल्या मनात हार घालून घेतला. ती मात्र पांढरी पडली होती. सगळ्या प्राण्यांच्या याद्या धुंडाळून कळवतो, तंत्रज्ञ म्हणाला. फोन टेबलावर, आम्ही दोन बाजूंना, चहावर साय धरलेली.

फोन वाजला. "सर, तुमच्या पेशींना रेशमाचा किडा चावलाय का?"

दोघांच्याही डोळ्यांपुढे तोच पदर आला. रेशीम म्हणजे प्रथिनच की. त्याची बारीक तुसं जेलवर पडली होती आणि आमची हिरवी कपाळं त्यांच्याखाली गाडली गेली होती.

आता फ्रीझरमधला निम्मा, तेवढाच. त्या दिवशी पंखा बंद, खिडक्या बंद, तिच्या अंगात सुती गाऊन, केसांवर टोपी, माझ्या मिशीवरसुद्धा मास्क. तिनं पातं उचललं आणि दारात तिची आई, हातावर तीच साडी.

"काम अर्ध्यात असताना साडी सोडतीस व्हय गं? अपशकुन हुतोय."

 पोरीनं मान वर केली नाही. मी नाटकातल्या खलनायकासारखे दोन्ही हात पसरून दार अडवलं आणि बंगळूरच्या मशीननं त्यांचं रेशीम पकडून यादीत पहिलं कसं लावलं, ते कुजबुजत सांगितलं.  मग त्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या, साडी मांडीवर. आत पातं जेलमध्ये शिरलं.

निकाल यायचा त्या दिवशीही त्या आल्या, पुन्हा पायरीवरच. फोन मी कानाला घट्ट दाबून धरला होता. या वेळी किडा नव्हता. यादीत पहिलं होतं माणसाचंच प्रथिन, पेशी दुभंगताना गुणसूत्रांना ओढणारे धागे धरून ठेवणारं, आणि त्याच्यावर आमचं हिरवं कुंकू. पोरगी हुंदके देऊ लागली.

आई आत आल्या. "आन माझं रेशीम कितवं आलं, सर?"

यादीतच नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"मागल्या बारीला पैलं आलतं म्हंतासा," त्या म्हणाल्या, "आन या बारीला परीक्षेलाच बसू दिलं न्हाईसा."