आधी गाडी, मग मंत्र

साप चावलेल्या माणसाला तुम्ही आधी कुठं नेता, मांत्रिकाकडे की दवाखान्यात? खरं सांगा. कारण अंधश्रद्धेविरुद्धची इतकी पत्रकं वाटूनही त्या दुपारी माझ्याच घरच्यांनी आधी मांत्रिकाला बोलावलं होतं.

पत्रकांवरच मी वाढलो. वडील सायकलला पिशवी अडकवून यवतपासून शिरूरपर्यंत ती वाटायचे. उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. आमच्या वस्तीनं देव्हाऱ्यातले देव कधीच नदीत सोडले होते. वस्तीतल्या म्हाताऱ्या आप्पांचा मंत्र तेवढा राहिला. आप्पा मंत्रानं सापाचं विष उतरवायचे. बोलावणं आलं की हातातला घास टाकून निघायचं, नाही म्हणायचं नाही, त्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असा त्यांचा नेम. त्यांना लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नसे. पत्रकात मात्र मी मंत्रांना झोडपलं आणि शेवटी ठोकलं, "विवेक हाच आमचा मूलमंत्र!"

आप्पांनी ते नातीकडून वाचून घेतलं. भर चावडीवर म्हणाले, "व्हय रं, माझा मंत्र खोटा आन् तुझा छापलाय म्हणून खरा?"

सगळे हसले. मला लागलं. हल्ली पुढारीही कार्यकर्त्यांना कानमंत्र देतात, रेडिओवर जादा उसाचा मंत्र सांगतात. देव सोडले, पण हा शब्द कुणाला सोडवत नाही.

त्याच हंगामात उसात वहिनीला घोणस चावली. आप्पा जेवणावरून उठून खरकट्या हातानं धावत आले. तिला कडुलिंबाचा पाला चघळायला दिला; विष चढलं की तो कडू लागत नाही, असा समज.

"कडू लागतंय का, पोरी?"

"न्हाई लागत."

पाय सुजत चालला होता. मंत्र पुरा होईपर्यंत वेस ओलांडायची नाही, हा नियम. भाऊ तिला हलवू देईना. समोर गुऱ्हाळावरचा गुळाचा ट्रक दौंडला निघालेला. माझ्या पत्रकातलं एकही वाक्य कामाला येईना. मी आप्पांचे पाय धरले.

"आप्पा, तुम्हाला बोलावणं टाळता येत नाही ना? मग मी बोलावतोय. दौंडच्या दवाखान्यात चला. मंत्र ट्रकात म्हणा."

"लेका, माझ्याच नेमात मला धरतोस व्हय!" म्हणत ते उठले. भावाला म्हणाले, "उचल तिला. वेशीचं काय व्हायचं ते मला हुईल."

गुळाच्या ढेपांवर वहिनी, उशाशी पुटपुटणारे आप्पा. तिनं वाटभर त्यांचा हात सोडला नाही. दवाखान्यात इंजेक्शन मिळालं. आठवड्यानं ती लंगडत घरी आली.

"निम्मं माझं, निम्मं सुईचं," आप्पा म्हणाले.

"आन् ट्रकवाल्याचं काय न्हाई व्हय, आप्पा?" वहिनी म्हणाली.

मी वाद घातला नाही. वहिनी चुलीपुढं बसून हसत होती, तेवढं मला पुरे होतं. पुढच्या पत्रकातून मी मूलमंत्र खोडला. आता बोलावणं आलं की आप्पा आधी विचारतात, "गाडी सांगितली का?"

तुमच्या गावातही असे एखादे आप्पा असतील. आज संध्याकाळीच त्यांच्याकडे जा. वाद घालू नका. इंजेक्शन कुठल्या दवाखान्यात मिळतं ते त्यांना सांगा, आणि आधी गाडी बोलवायचा शब्द त्यांच्याकडून घ्या.