बाप्तिस्म्याला शंभर, वर्गात तीन

किस्से काही मी जमवायला गेले नव्हते. पुलगावच्या आमच्या छोट्याशा चर्चमध्ये बावीस वर्षं संडे स्कूल घेतेय, तर ते आपोआप साठले, कपाटात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे. आमच्याकडे बाळाचा बाप्तिस्मा म्हटलं की शंभर माणसं, बिर्याणी, फोटोग्राफर. तेच बाळ चार वर्षांचं झालं की रविवारी माझ्या वर्गात यायला हवं, तर त्याचा पत्ता नसतो. सध्या वर्गात तीन पोरं आहेत. वर्ग बंद पडेल की काय, याची मला खरोखर धास्ती वाटते. पण रडत बसण्यापेक्षा किस्से सांगते.

*

डिसेंबरातला बाप्तिस्मा. बाळाच्या आजीला थंड पाण्याची भारी धास्ती. पाळकसाहेब पात्रात हात घालणार, तेवढ्यात तिने पिशवीतून थर्मास काढला आणि कोमट पाणी त्यात ओतलं.

"लेकराले सर्दी झाली त कोण पाह्यन? तुमी?"

बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं आणि पहिल्या दोन बाकांपर्यंत आल्याच्या चहाचा वास आला. थर्मास धुवायचा राहून गेला होता! बाळ रडलं नाही, ओठ चाटत राहिलं. पाळकसाहेब मागाहून मला म्हणाले, "इतक्या खुशीत बाप्तिस्मा घेतलेलं बाळ मी पहिल्यांदाच पाहिलं."

*

"बाळाचं नाव काय?" पाळकसाहेबांनी विचारलं.

आई म्हणाली, "अन्वी."

बाप म्हणाला, "सारा."

घरात महिनाभर चाललेलं भांडण दोघांनी थेट वेदीपुढे आणलं होतं. पाळकसाहेब बाळाला हातात घेऊन एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. शेवटी बाळाचा मामा मागून म्हणाला, "साहेब, दोन्ही लिहून टाका. आडनावाच्या आधी जागा भरपूर आहे."

तसंच झालं. पोरगी आता सहा वर्षांची आहे. तिला सोडायला कोण आलंय ते बघून मी हजेरी घेते.

*

एका बाळाचा गॉडफादर, म्हणजे बाप्तिस्म्यात बाळाच्या वतीने वचनं देणारा, पुण्याला नोकरीत. रजा मिळाली नाही म्हणून गडी व्हिडिओ कॉलवर. फोन मीच धरून उभी होते.

"देवावर विश्वास ठेवता काय?"

"ठेवतो."

"सैतानाचा आणि त्याच्या सर्व कामांचा त्याग करता काय?"

"हॅलो? आवाज नाई येऊन राह्यला."

पुन्हा विचारलं, पुन्हा हॅलो. तिसऱ्यांदाही तेच. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि फोनजवळ वाकून म्हणाले, "देवाचं सगळं ऐकू येते तुले. सैतानाच्याच वेळी रेंज काऊन जाते रे बाप्पा?"

पुण्याहून लगेच उत्तर आलं, "करतो साहेब, त्याग करतो."

*

वर्गातल्या तिघांपैकी एक जेनी, वय वर्षं पाच. काहीही खाण्याआधी डोळे मिटून देवाचे आभार मानायचे, हे मी तिला शिकवलं. तिने ते मनावर घेतलं. आई तिला पाणीपुरीच्या ठेल्यावर घेऊन गेली, तर ही प्रत्येक पुरीआधी हात जोडणार, डोळे मिटणार, प्रार्थना करणार, आमेन म्हणणार आणि मग तोंड उघडणार. ठेलेवाल्याच्या हातातली पुरी गळायला लागली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली.

तो समजावून म्हणाला, "बेटा, साऱ्या पुऱ्यांची प्रार्थना एकदमच करून घे ना."

जेनी म्हणाली, "काका, तुमी पुऱ्या एकदम देता काय?"

*

आता हा वैशालीच्या वडिलांचा. वैशाली शेतकरी हिंदू घरातली, लग्न केलं आमच्या चर्चमधल्या मुलाशी. वडील, म्हणजे आबाजी, तीन वर्षं बोलले नाहीत. पण नात झाली तसे विरघळले आणि तिच्या बाप्तिस्म्याला आले. पांढरी टोपी घालून शेवटच्या बाकावर बसले.

बाप्तिस्मा झाला की आमच्यात साऱ्या मंडळीला उभं करून विचारतात, "या बाळाला ख्रिस्ती विश्वासात वाढवायला तुम्ही मदत कराल काय?" आम्ही सवयीने पुटपुटतो, "करू." त्या दिवशी सगळे उठले म्हणून आबाजीही उठले, आणि आमच्या पुटपुटण्याच्या वर त्यांचा खणखणीत आवाज आला, "हो, करू." लोक रुमालात हसले. मीही हसले.

चार वर्षं गेली. जावई कामाला गुजरातेत. वैशाली सावंगीच्या दवाखान्यात नर्स, तिला रविवारीही ड्युटी. पोरगी आजोळी, पुलगावपासून दहा किलोमीटरवर. म्हटलं, हेही लेकरू गेलं. तर एका रविवारी बरोबर नऊ वाजता मोटरसायकल थांबली. पुढे टाकीवर तेल लावून दोन वेण्या घातलेली नात, मागे आबाजी. तिला वर्गात सोडून ते बाहेर कडुलिंबाखाली बसले. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी गाणं मी दोनदा म्हणून घेतलं. मग एकही रविवार त्यांनी चुकवला नाही.

चुकवला तो मी. भाचीची हळद होती वर्ध्याला. तीन-चार पोरांसाठी कोण अडून बसतं, म्हणून कोणाला न सांगता कुलूप लावून गेले.

पुढच्या रविवारी नऊ वाजता आबाजी हजर. नातीला आत पाठवलं आणि दारातच थांबले. मी घाईघाईने म्हणाले, "आबाजी, मागच्या वेळी घरचं कार्य होतं हो."

त्यांनी तोंडावरचा दुपट्टा सोडला.

"मी त उभा राहून हो म्हणलं होतं, बाई. तुमी त्या दिवशी बसूनच होत्या काय?"