विशाखाताईंची दूरदेशची माणसं

त्या दिवशी सकाळी मी इतवारीतल्या माझ्या दुकानात एक लग्नपत्रिका टाईप करत होतो. विशाखाताईंच्या भाचीचा, मैत्रेयीचा फोन आला. "काका, आत्या गेली." मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला, पत्रिकेतली उरलेली नावं टाईप केली, काना-मात्रा तपासल्या आणि मगच कॉम्प्युटर बंद करून सक्करदऱ्याला ताईंच्या घरी निघालो. असं का केलं, हे दीड महिना झाला तरी मला सांगता येत नाही. एक अक्षर चुकीचं गेलेलं ताईंना चालायचं नाही, तेवढंच डोक्यात होतं बहुतेक...

मी लेखक नाही. दहावी झालो, अक्षरजुळणी शिकलो, पत्रिका आणि पावतीपुस्तकं छापत आलो. ताई कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायच्या. अकरा वर्षांपूर्वी त्या माझ्या दुकानात आल्या तेव्हा हातात फुलस्केप कागदांचा गठ्ठा होता. अक्षर बारीक, एका रेषेत, कुठे खाडाखोड नाही. त्यांना बत्तीस पानांचा एक अंक काढायचा होता, वर्षातून चार वेळा. त्यात जगभरातल्या गोष्टी, कविता, निबंध, सगळं मराठीत. मी सहज विचारलं, जुने मोठे लेखक का? तर म्हणाल्या, "मेलेल्यांचे अनुवाद लय झाले सुरेशभाऊ. आज जे जिवंत आहेत, ते काय लिहून राहिले, हे आपल्याले कोन सांगन?" अंकाचं नाव त्यांनी 'शेजारपान' ठेवलं. त्यात एखाद्या नावाजलेल्या कादंबरीकाराचा निबंध असे आणि त्याच्या शेजारच्या पानावर, जिची जन्मात एकच कविता छापून आली आहे अशी कुणी मुलगी. प्रत्येकाला त्या स्वतः पत्र लिहून परवानगी मागायच्या. दोन ओळींचं उत्तर आलं तरी मला मोबाईलवर दाखवायच्या. मला इंग्रजी वाचता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी दाखवायच्या.

शनिवारी दुपारी त्या माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसत आणि आमचं काम चाले. कुठल्याशा बेटावरच्या एका तरुण लेखिकेची गोष्ट होती. समुद्र दरवर्षी थोडा थोडा आत येतो आणि गावाचं कब्रस्तान गिळतो. एक म्हातारी आपल्या नवऱ्याची हाडं उंचावर न्यायला निघते. त्यात 'भरती' हा शब्द वारंवार यायचा. मी टाईप करता करता म्हणालो, "ताई, आपल्याकडं भरती म्हटलं का पोलीस भरतीच समजते लोकं." त्या हसल्या, आणि हसता हसता त्या शब्दाखाली रेघ ओढली. समुद्र त्यांनीही एकदाच पाहिला होता. दोन शनिवार त्या शब्दावर गेले. शेवटी त्यांनी सगळीकडे 'पाणी चढलं' केलं. तेव्हापासून मी त्यांच्या गोष्टी नुसत्या टाईप करणं सोडलं, वाचायला लागलो. माझ्या घरात कथा-कविता वाचणारा मीच पहिला.

ताईंच्या आजोबांनी छप्पनला दीक्षा घेतली होती. त्यानंतरच घरात पाटी आली, असं त्या सांगायच्या. त्यांना वाटायचं, लोक वाचतील. त्यांना खरंच तसं वाटायचं. पाचव्या वर्षाच्या अंकासाठी त्यांनी एका वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. मी, मैत्रेयी, तिचे बाबा आणि कॉलेजातल्या दोन शिक्षिका, एवढेच आलो. ताईंनी ठरलेल्या पाचही कविता वाचल्या, प्रत्येकीआधी कवीचा देश सांगितला आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघत आभार मानले. परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "आज मॅच होती ना, म्हणून लोकं आले नाहीत." मॅच नव्हती. टपालाने पाठवलेले अंक 'पत्ता सापडला नाही' असा शेरा घेऊन परत यायचे. त्यातल्या निम्म्या पत्त्यांवर माणसं राहत होती, हे मला माहीत होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी एक मोठा अंक हाती घेतला. सगळी नवी, तिशीच्या आतबाहेरची लिहिणारी माणसं. परवानग्या आल्या होत्या, निम्मं काम झालं होतं. एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि त्यांना शब्दच फुटेना. धंतोलीतल्या एका दवाखान्यात तीन आठवडे होत्या. डॉक्टरांनी मैत्रेयीला समजावलं, मेंदूचा झटका आहे, जो भाग भाषा सांभाळतो तिथेच मार बसला आहे. हळूहळू बोलणं थोडं परत आलं, पण ते फक्त घरचं, आईजवळचं बोलणं. इंग्रजी गेलं, ते गेलंच. छापलेलं वाचणंही गेलं. अक्षरांवरून बोट फिरवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या.

मी दर रविवारी त्यांच्या घरी जायला लागलो. आपण वाचून दाखवावं, कानावर पडून काही परत येईल, अशी मला आशा. त्या बेटावरच्या म्हातारीची गोष्ट काढली. ताई उशीला टेकून, डोळे माझ्यावर लावून ऐकत होत्या. मी मध्ये पाणी प्यायला थांबलो तर अधीरपणे म्हणाल्या, "मंग? नेले का तिनं हाडं?" माझा आनंद पोटात मावेना. गोष्ट संपवली. त्यांचे डोळे भरले होते. "कोनं लिहिलं गा हे?"

"मराठीत तुम्हीच लिहिलं ताई. माह्याच दुकानात बसून."

त्यांनी मान हलवली. "माह्यं नाही. मले कुठं येते असं लिहाले?"

मी अंक पुढे केला, त्यांचं नाव दाखवलं. दाखवायला नको होतं. त्यांनी त्या नावावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं... आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी लिहू शकत नाही. आपलं काय गेलं, ते त्यांना त्या क्षणी कळलं. माझ्यामुळे कळलं. "नोको वाचू आता," त्या म्हणाल्या, "काहून आनलं तू हे?" त्यानंतर मी अंक कधी नेला नाही. रविवारी जायचो, त्या विचारायच्या, जेवला का, पोरं कशी आहेत. तीन महिन्यांनी दुसरा झटका आला, आणि मैत्रेयीचा तो फोन.

तो मोठा अंक अर्धाच राहिला. पुरा करून द्याल का म्हणून दोघा प्राध्यापकांकडे गेलो. एक म्हणाले, सवड मिळाली की कळवतो. दुसरे म्हणाले, हे वाचतं कोण?

निदान त्या दूरच्या लेखकांना कळवावं म्हणून मैत्रेयीने ताईंच्या टेबलावर बसून सगळ्यांना ईमेल लिहिले. काही पत्ते बंद झालेले. बाकीच्यांकडून काहीच नाही. दोन आठवड्यांनी एकाच निबंधकाराचं उत्तर आलं. मैत्रेयीने ते मला मराठीत सांगितलं. त्याने लिहिलं होतं, ऐकून वाईट वाटलं, पण या बाई कोण ते नीटसं आठवत नाही, अशी पत्रं बरीच येतात. अनुवाद कोणत्या भाषेत होता?

"काका, काय लिहू?"

"मराठी, म्हनून लिही."

तिने लिहिलं. "आनखी काही?"

"एवढंच पाठव," मी म्हणालो. त्याचं पुन्हा उत्तर आलं नाही.

गेल्या आठवड्यात ताईंची खोली रिकामी केली. पुस्तकं घ्यायला दोन वाचनालयांनी नकार दिला. ती आता माझ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर आहेत, सगळी इंग्रजी, माझ्या कामाची नाहीत. मोठं कपाट हलवलं तेव्हा मागच्या भिंतीवर एक उभा चौकोन दिसला. तिथला निळा रंग अजून तसाच ताजा आहे, बाकी भिंतीचा रंग उडालेला. मैत्रेयी आणि मी त्याच्याकडे बघत उभे होतो. तिचे बाबा आत आले, त्यांनीही पाहिलं. म्हणाले, "दिवाळीत रंग मारून घेऊ."