बांधलेला हात

माझ्या नवऱ्याचं बोलणं एका सकाळी गेलं.

हळ्ळीखेडच्या बसस्टँडजवळ त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. आवाज असा, की गिऱ्हाइकाशी चाललेली घासाघीस समोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्यांना ऐकू जायची. मराठीत सुरुवात करायचे, माणूस बघून कानडीत शिरायचे आणि सौदा जमला की दख्खनीत एखादी थट्टा करून हसायचे. त्या सकाळी दाढी करता करता ते आरशासमोर थांबले, माझ्याकडे वळले, आणि तोंडातून नुसता घोगरा सूर आला. हातातला वस्तरा खाली पडला.

बीदरच्या दवाखान्यात कळलं, की उजवं अंग गेलंय, वाचा गेलीय आणि गिळणंही गेलंय. नाकातून पोटापर्यंत नळी घातली. त्या नळीसकट आम्ही घरी आलो.

मी मराठी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं सांभाळली, आता हे सांभाळायचं, असं मी मनाशी ठरवलं. तक्रार म्हणून सांगत नाही. त्यांना कुशीवर वळवणं, पाठीला पावडर लावणं, पातळ पेज गाळून नळीतून सोडणं, कपडे बदलणं, हे सगळं मला जमायला लागलं होतं. जड होतं ते त्यांचं रडणं. झटका आल्यावर माणूस कशालाही रडतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाहुणा आला की रडत, पाहुणा गेला की रडत, टीव्हीवर लग्न दिसलं तरी डोळे वाहत. डावा हात तेवढा त्यांच्या ताब्यात होता. त्या हातानं ते माझा पदर धरून ठेवत, आणि त्याच हातानं नाकातली नळी उपसून काढत.

नळी निघाली की ती परत घालायला बीदर गाठावं लागे. एकदा तर नळी अर्धवट निघाली आणि पेज छातीत गेली. आठ दिवस दवाखान्यात राहावं लागलं. निघताना डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही समोर नसाल तेव्हा त्यांच्या हाताला मऊ कापड गुंडाळून पलंगाला सैल बांधत जा. यात काही वाईट वाटून घेऊ नका." मी त्यांच्याच जुन्या धोतराची पट्टी फाडली, धुवून मऊ केली. आंघोळीला जाताना, स्वयंपाकाला जाताना तेवढा वेळ तो हात बांधायची. बांधताना दरवेळी सांगायची, "आत्ता आले बघा. दोन तांबे अंगावर घेते आन् येते." ते रडायचे. कधीकधी मीही.

माझा मुलगा एकुलता एक. हैदराबादेत कंपनीत नोकरीला आहे. महिन्यातून एकदा यायचा. एका खेपेला त्यानं पांढरा, चेंडूएवढा कॅमेरा आणला आणि पलंगासमोरच्या फळीवर बसवला.

"आई, मला तिथून अप्पा दिसतील. तुलाबी आधार."

मला खरंच आधार वाटला. घरात बोलणारं कुणी नव्हतं. मग मी त्या कॅमेऱ्याशीच बोलायला लागले. "आज सगळी पेज गेली बघ पोटात." "आज अप्पा हसले रे, तू बघितलंस का?" कधी त्यातून त्याचा आवाज यायचा, "आई, तू जेवलीस का?" त्या एका वाक्यावर माझा अख्खा दिवस निघायचा. कुणीतरी आपल्यासोबत जागं आहे, असं वाटायचं.

मग हळूहळू माणसं बदलली. नेमकं कधीपासून ते मला सांगता येणार नाही. बीदरहून माझ्या नणंदबाई, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहीण, यायच्या तेव्हा आधी फोन करायच्या. आता न सांगता यायला लागल्या. मी त्यांना अक्का म्हणते. आल्या की थेट भावाच्या खोलीत जायच्या, पांघरूण उचलून बघायच्या. मी म्हटलं, "अक्का, च्या करू का?" तर "तू ऱ्हा तिकडं, मी बसते इथं," म्हणायच्या. मला वाटलं, भावाची माया. शेजारपाजारच्या बायकाही काहीतरी निमित्त काढून डोकावून जायच्या. एकीनं मला विचारलं, "रात्री ओरडतेत का हो काका?" मी सांगितलं, शांत झोपतात. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

अक्कांबद्दल एवढं सांगितलं पाहिजे, की या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा माझी नोकरी त्यांनीच वाचवली. सासरे म्हणत होते, सुनेनं मास्तरकी करायची नाही. अक्का माहेरी आल्या होत्या. त्यांनी वडिलांसमोर उभं राहून सांगितलं, "ती शाळेला जाईल. तिची भाकर मी थापते." आणि त्या वर्षी खरोखर थापली. सख्ख्या बहिणीशी बोलले नाही ते मी त्यांच्याशी बोलले आहे.

चौथ्या वर्षी थंडीत ते गेले. सकाळी मी पेज घेऊन गेले तर हात गार होता.

आमच्यात माणसाला बसवून नेतात. आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. भजन चाललं होतं. अक्का आल्या, समोर बसल्या, आणि त्यांनी भावाचा डावा हात हातात घेतला. सदऱ्याची बाही वर सारली. मनगट उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं, अंगठ्यानं चोळलं. मग शेजारच्या बाईला दाखवलं. त्या बाईनं मान हलवली. मला भरून आलं. मला वाटलं, लहानपणी धरलेला हात बहीण शेवटचा धरून बघते आहे.

शिवगणाराधनेच्या, म्हणजे त्यांच्या दिवसकार्याच्या दिवशी मला खरं कळलं. जेवणं चालली होती. हुमनाबादहून माझ्या एक चुलत सासूबाई आल्या होत्या. कानानं कमी ऐकतात, म्हणून मोठ्यानं बोलतात. मी वाढायला वाकले तर त्या म्हणाल्या, "बाई गं, म्हातारपणी असं बांधून घालू न्हाई माणसाला. ढोर हाय का ते?"

मी म्हटलं, "काय म्हणालात सासूबाई?"

"मी बी बघितला की तो व्हिडिओ. कसा रडायला होता गं तो! अन् तू गाठ मारायलीस."

पंगतीतल्या बायकांनी माना खाली घातल्या. एकीलाही आश्चर्य वाटलं नव्हतं. म्हणजे त्या सगळ्यांनी पाहिलं होतं. इतके दिवस त्या माझ्या घरी येत होत्या, माझ्या हातचा चहा पीत होत्या, आणि प्रत्येकीच्या पोटात हे होतं. मी हातातलं भांडं पुरतं वाढून झाल्यावरच खाली ठेवलं. ते कसं जमलं, मला अजून माहीत नाही.

पाहुणे गेल्यावर मी मुलाला त्याच खोलीत बोलावलं. पलंग उभा करून ठेवला होता.

"व्हिडिओ कसला रे?"

तो खाली बघायला लागला. मग सांगितलं. ऑफिसात बसून, आवाज बंद करून तो अधूनमधून बघायचा. एक दिवस त्याला दिसलं, की अप्पा रडतायत आणि आई त्यांचा हात पलंगाला बांधतेय. त्यानं तेवढा तुकडा मोबाईलवर घेतला आणि आत्याला, म्हणजे अक्कांना, पाठवला. आत्यानं पुढं कुणाकुणाला दाखवला.

"मी फक्त आत्याला विचारलं आई, काय करावं म्हणून."

"मला कामून विचारलं न्हाईस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं बांधायला. तुला सांगितलं होतं मी, दवाखान्यातून आल्यावर."

"माझ्या ध्यानात राहिलं न्हाई."

त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं, इतकंच. कॅमेऱ्यातून "आई, जेवलीस का" विचारणारा आवाज आणि मला गुपचूप बघणारा डोळा, दोन्ही एकाच पोराचे होते. मी त्या कॅमेऱ्यासमोर केस विंचरले होते. नवऱ्याच्या पायाशी बसून एकटीच रडले होते. मी समजत होते, माझं पोर माझ्याजवळ बसलंय. तो पहाऱ्याला बसला होता.

तो रडला, माझे पाय धरले, हैदराबादला चल म्हणाला. मी म्हटलं, "पाय धरू नको. ज्यांना ज्यांना ते दाखवलं, त्यांना तुझ्या तोंडानं सांग, आई का बांधायची ते." तो हो म्हणाला. त्यानंतर दोन दिवाळ्या झाल्या. दरवेळी "सांगतो" म्हणतो. लोक विसरले असतील, आता कशाला उकरायचं, असंही एकदा म्हणाला. लोक विसरले नाहीत. मी लग्नाकार्यात गेले की अजून कुणीतरी कुणाच्या तरी कानाशी लागतं.

एक दिवस सकाळची बस धरून मी बीदरला अक्कांकडे गेले. त्या अंगणात जोंधळे निवडत होत्या. मला बघून गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, पाणी दिलं. मी पाणी घेतलं नाही.

"अक्का, तुम्ही मेलेल्या माणसाचं मनगट तपासलंत."

त्यांनी सूप बाजूला सारलं.

"वळ होता का?"

"न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "एकबी न्हाई."

"मग हे तुम्ही किती जणींना सांगितलंत? ज्यांना व्हिडिओ दाखवला, त्यांच्यापैकी?"

"माझा भाऊ रडायला होता गं त्यात. माझ्यानं ऱ्हाववलं न्हाई. मला वाटलं, तू थकलीस. थकलेलं माणूस काय बी करतंय."

"थकले असं वाटलं, तर मदतीला यायचं होतं अक्का. झडती घ्यायला कामून आलात?"

त्यांनी सूप परत पुढ्यात ओढलं. याच हातांनी माझ्यासाठी भाकरी थापल्या होत्या हे मला विसरता येत नव्हतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. मी उठले. त्या दारापर्यंत आल्या, "जेवून जा" म्हणाल्या. मी दुपारच्या बसनं उपाशीच परत आले.

नवरा गेल्याचं दुःख मला नीट करताच आलं नाही. कुणी सांत्वनाला आलं की मी त्याच्या डोळ्यांत बघायची, यानं तो व्हिडिओ पाहिलाय का. रडू आलं तर वाटायचं, नाटक म्हणतील. न रडावं तर म्हणतील, सुटली एकदाची. त्यांची आठवण काढायला मला माझ्याच घरात चोरटेपणा वाटायला लागला.

अशात जवळच्या निर्णा गावाहून माझी एक जुनी सहशिक्षिका भेटायला आली. आम्ही दोघींनी बरीच वर्षं एका शाळेत काढली होती. तिचे यजमान सगळं विसरत चालले आहेत. घर, नावं, बायकोसुद्धा. ती आली ती घड्याळाकडे बघतच. पुतण्याला तासभर बसवून आली होती.

तिच्या कानावर गेलं असणारच, म्हणून मीच सरळ सांगितलं, "मी त्यांचा हात बांधायची."

ती म्हणाली, "मी भायेरून कडी लावते. न लावावं तर ते रस्त्याला लागतेत. परवा कडी लावून दळण आणाय गेले, तर शेजारीण म्हणते, कोंडून घालायलीस का म्हाताऱ्याला?" आणि ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी किती तरी महिन्यांनी मी कुणाच्या डोळ्यांत न बघता रडले.

निघताना मी तिला विचारलं, "नीट झोपलीस कधी?" तिला आठवेना.

तेव्हापासून मी गुरुवारी निर्ण्याला जाते. ती आतल्या खोलीत जाऊन झोपते, किंवा नुसतीच आडवी होऊन पंख्याकडे बघते. मी तिच्या यजमानांपाशी ओसरीवर बसते. ते मला दरवेळी विचारतात, "तुम्ही कोणत्या गावच्या?" मी सांगते. ते म्हणतात, "हळ्ळीखेडला माझी मोठी ओळख हाय," आणि एकही नाव सांगत नाहीत. मग आम्ही शेंगा सोलतो. कधी ते उठून दाराकडे जातात, तर मी त्यांच्यासोबत गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाते आणि परत आणते. हे काम मला येतं. आणि इथं मला कुणी बघत नाही.

गेल्या महिन्यात अक्कांचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी.

"गुरुवारी कुठं असतीस गं? घरला फोन लागत न्हाई."

"निर्ण्याला. एका बाईला घटकाभर झोप मिळावी म्हणून जाते."

मग त्या म्हणाल्या, "मी येऊ का एखांद्या दिशी तुझ्यासंगं?"

मी हो म्हटलं नाही, नाही म्हणायलाही जीभ वळली नाही. "बसची पायरी उंच असते, गुडघे सांभाळा," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.